ओवीचा प्रदेश आणि ओवीची धनीण : ब्लूजच्या निमित्ताने

१.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले तेव्हा ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केले होते. बरोबर ९९ वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि तिने आपले नावच ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. त्याच दशकात जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहून या साहित्याची सविस्तर ओळख मराठी वाचकाला करून दिली. राजकीय विचार, आत्मकथन, कविता, कादंबरी असे बरेच काही तेथून आपण घेतले, निदान वाचले तरी.

या देवघेवीत संगीत मात्र मागे राहिले. लँग्स्टन ह्यूजचा पहिला कवितासंग्रह १९२६ सालचा. त्याच्या नावातच ‘ब्लूज’ हा शब्द आहे. आपल्या वर्गांतून ह्यूज शिकवला जातो, पण ज्या गाण्याच्या घाटावर त्याची कविता बेतलेली आहे ते गाणे बहुधा एखाद्या तळटीपेत आटोपते. लोकगीताकडे पाहण्याची आपली रीतच तशी आहे. गाणे हा साहित्याचा कच्चा माल, अशी आपली मनोमन समजूत असते.

ब्लूजची ओळख करून देणारे लेख पुष्कळ आहेत, त्यांत भर घालण्याचा आमचा हेतू नाही. ब्लूजच्या अभ्यासकांनी त्या गाण्याबद्दल दोन प्रश्न सतत विचारले : त्याचा उगम कोठे, आणि त्याच्या प्रादेशिक शैली कोणत्या? हेच दोन प्रश्न आपल्या जात्यावरच्या ओवीला विचारून पाहावेत, असे आम्हांला वाटते. उगमाबद्दल आपण थोडेफार बोलू शकतो. प्रादेशिक शैलीचा प्रश्न आला की मात्र आपण अडखळतो, आणि या अडखळण्याचे कारण ओवीत नसून आपण ठेवलेल्या, किंवा न ठेवलेल्या, नोंदींत आहे. या लेखाचे म्हणणे एवढेच.

२.

प्रथम ब्लूजविषयी थोडे. अमेरिकेत १८६५ साली कायद्याने गुलामगिरी संपली, पण दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांवर कृष्णवर्णीयांचे जिणे फारसे पालटले नाही. जमीन गोऱ्या मालकाची, बी-बियाणे आणि किराणा त्याच्याच दुकानातून उधारीवर, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब केला की कुळाच्या पदरी कर्ज. आपल्याकडच्या सालगड्याला आणि बटाईदाराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. या पिढीच्या कष्टांतून, १८९०च्या आसपास, ब्लूज आकाराला आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शेतात एकट्याने काम करताना घातलेली लांब सुराची साद, रस्ते वा बंधारे बांधणाऱ्या टोळ्यांची सामूहिक श्रमगीते, चर्चमधील भक्तिगीते आणि कथागीते, असे अनेक प्रवाह त्यात मिसळले आहेत.

डब्ल्यू. सी. हँडी या वादकाने आपल्या आत्मचरित्रात एक आठवण सांगितली आहे. साधारण १९०३ साली मिसिसिपी राज्यातील टटवायलर या रेल्वेस्थानकावर एक मनुष्य गिटारच्या तारांवर सुरीचे पाते दाबून एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. असे विलक्षण संगीत आपण त्यापूर्वी ऐकले नव्हते, असे हँडी म्हणतो. पुढे १९१२ मध्ये त्याने ‘मेम्फिस ब्लूज’ छापून प्रसिद्ध केले आणि या गाण्याला छापील नाव मिळाले. त्या स्थानकावरच्या माणसाचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

ब्लूजचा रूढ घाट तीन ओळींचा. पहिली ओळ गायची, तीच थोड्या फरकाने पुन्हा गायची, आणि मग तिला उत्तर देणारी, यमकाने बांधलेली तिसरी ओळ. हे सारे साधारण बारा मात्राखंडांत बसते. प्रत्येक ओळीनंतर गाणारा थांबतो आणि वाद्य त्याला जबाब देते. स्वरांत गांधार, पंचम आणि निषाद हे आपल्या जागेवरून किंचित खाली ओढलेले, कोमल आणि शुद्ध यांच्या अधेमध्ये कोठेतरी राहणारे. ओळीच्या पुनरावृत्तीचे एक व्यावहारिक कारणही आहे : पहिली ओळ दुसऱ्यांदा गात असताना गाणाऱ्याला तिसरी सुचवून घ्यायला सवड मिळते.

वाद्येही हाताशी असतील ती. मिसिसिपीतील अनेक गायकांनी लहानपणी घराच्या भिंतीवर किंवा फळीवर एकच तार ताणून बसवली आणि तिच्यावर बाटली सरकवत हात बसवला. या एकतारी वाद्याचे मूळ आफ्रिकेत शोधले जाते. आमच्या केडगावच्या रेणुकामातेच्या नवरात्रात, किंवा कोठल्याही गोंधळात, तुणतुणे ऐकलेल्या माणसाला एका तारेवर किती काही उभे राहते हे वेगळे सांगायला नको.

३.

आता प्रादेशिक शैली. ब्लूजच्या कोणत्याही इतिहासात पुढील विभागणी सापडते. मिसिसिपीच्या ‘डेल्टा’ भागातील शैली : घोगरा, आर्त आवाज, गिटारवर सुरी वा बाटलीचा तुकडा सरकवून काढलेले मानवी आवाजासारखे सूर, लयीचा ठाम ठोका. चार्ली पॅटन हा तिचा आद्य गायक समजला जातो. डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर त्याचे वास्तव्य होते. टेक्सासची शैली : ब्लाइंड लेमन जेफर्सनसारखी, मोकळी, गाण्याच्या ओळी आणि गिटारच्या फिरती यांत खेळती. अटलांटिक किनाऱ्यालगतच्या पीडमाँट पट्ट्याची शैली : बोटांनी तारा छेडत खर्ज आणि चाल एकाच वेळी सांभाळणारी, नाचरी. आणि पुढे शिकागोची शैली : विजेवर चालणारी गिटार, मुखवाद्य, ढोल, पियानो असा सारा ताफा घेऊन उभी राहिलेली.

नकाशावर ही विभागणी देखणी दिसते, पण तिच्यामागे माती वा पाणी नाही, कामाचे प्रकार आणि वाटा आहेत. डेल्टात प्रचंड मळे होते, हजारो माणसे एकाच पिकावर राबत होती, आणि तुरुंगातील कैद्यांकडूनही शेतीची कामे करून घेतली जात. पार्चमनच्या तुरुंगशेतीवरील श्रमगीते ॲलन लोमॅक्सने १९४७-४८ मध्ये ध्वनिमुद्रित केली आहेत. पीडमाँटमध्ये तंबाखूचे कारखाने असलेली गावे होती; कारखान्याच्या दाराशी, पगाराच्या दिवशी, येणाऱ्याजाणाऱ्याचे लक्ष वेधून घ्यायचे असेल तर गाणे चटपटीत हवे. ब्लाइंड बॉय फुलर हा डरहॅम शहरात असाच गात असे. शिकागो ही तर थेट रेल्वेची निर्मिती. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. मिसिसिपीतून निघणारी गाडी शिकागोला पोहोचत होती, म्हणून मिसिसिपीचे गाणे शिकागोला पोहोचले. मडी वॉटर्स या गायकाला लोमॅक्सने १९४१ मध्ये स्टोव्हॉलच्या मळ्यावर ध्वनिमुद्रित केले तेव्हा तो ट्रॅक्टर चालवणारा मजूर होता; १९४३ मध्ये तो शिकागोला गेला, आणि तेथील गजबजाटात आवाज ऐकू जावा म्हणून त्याने विजेवरची गिटार हाती घेतली.

या विभागणीला आणखी एक बाजू आहे, ती ध्वनिमुद्रणाची. डेल्टा ब्लूजचा राजा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या रॉबर्ट जॉन्सनची सगळी ध्वनिमुद्रणे १९३६ आणि १९३७ साली टेक्सासमध्ये झाली. पहिला गाजलेला ब्लूज मुद्रित झाला तो तर डेल्टापासून दूर, न्यूयॉर्कमध्ये, १९२० साली, आणि तो गायला होता मेमी स्मिथ या स्त्रीने. १९२३ मध्ये बेसी स्मिथ आणि मा रेनी यांच्या ध्वनिमुद्रिका येऊ लागल्या. म्हणजे ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात ब्लूज प्रथम स्त्रियांचा होता. एकट्या, भटक्या, गिटार घेतलेल्या पुरुषाची प्रतिमा ब्लूजवर ठसली ती १९५० नंतरच्या संग्राहकांमुळे. त्यांना अस्सल, खेडवळ, बाजाराचा स्पर्श न झालेला गायक हवा होता. इलायजा वॉल्डने २००४ सालच्या आपल्या पुस्तकात या प्रतिमेची चांगलीच झाडाझडती घेतली आहे, आणि अँजेला डेव्हिसने १९९८ मध्येच ब्लूज गाणाऱ्या स्त्रियांना त्यांची जागा परत मिळवून दिली होती.

तरीही हा सारा वाद घालता येतो, कारण घालायला पुरावा आहे. ध्वनिमुद्रिकेच्या चकतीवर गाणाऱ्याचे नाव आहे, कंपनीच्या वह्यांत तारीख आहे, जागा आहे. १९२७च्या मिसिसिपीच्या महापुरावर पॅटन गायला. त्याचे ते गाणे १९२९ साली मुद्रित झाले, हे आपण नेमके सांगू शकतो. पैसा गायकांना फारसा मिळाला नाही, हेही खरे. बेसी स्मिथसारख्या गायिकेलाही प्रत्येक गाण्यामागे ठोक रक्कम मिळे, विक्रीवरचा वाटा नाही. पण नाव राहिले. प्रादेशिक शैलींचा इतिहास लिहिता आला तो या नावांमुळे.

४.

आता ओवी. तिच्या उगमाबद्दल आपल्याजवळ जो पुरावा आहे त्याचा कोणत्याही लोकगीताला हेवा वाटावा. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे इ. स. ११३०च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. तो किती नेमका आहे पाहा. गाण्याचे नाव, प्रदेश, गाणारी कोण, आणि गाताना ती काय करते, हे चारही तपशील त्यात आले आहेत. ओवीची पहिली ओळख ही श्रमगीत म्हणून झालेली आहे, आणि ते श्रम स्त्रीचे आहेत.

यानंतर सुमारे १६० वर्षांनी, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९०ला, आमच्याच नगर जिल्ह्यातील नेवासे येथे ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली. मराठीतील सर्वांत मोठ्या तत्त्वकाव्याने जो छंद निवडला तो कांडणाऱ्या-दळणाऱ्या बायकांचा होता. साडेतीन चरणांची ही रचना, चरणांत अक्षरसंख्येचे बंधन सैल, पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक आणि चौथा चरण आखूड, मोकळा. येथून पुढे मराठी वाङ्मयेतिहासात ओवीच्या दोन वाटा झाल्या. ग्रंथातली ओवी एकनाथ, मुक्तेश्वर, श्रीधर अशी नावानिशी चालत आली. कंठातली ओवी जात्यापाशीच राहिली. पहिलीचा इतिहास आपण शतकवार लिहितो. दुसरीबद्दल ‘प्राचीन काळापासून चालत आलेली’ एवढे म्हणून थांबतो.

जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते. प्रत्येक ओळीचे दोन तुकडे, मध्ये घेतलेला श्वास आणि ‘बाई’, ‘गं’ असे भरीचे शब्द; ओळींच्या शेवटी यमक. गाताना ओळ पुन्हा घोळवली जाते. मोठ्या जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एकच खुंटा दोघींच्या हातात. एकीने ओवी टाकायची, दुसरीने ती उचलायची, आणि उचलेपर्यंत पहिलीला पुढची सुचलेली असायची. ब्लूजच्या पुनरावृत्तीचे जे व्यावहारिक कारण वर सांगितले तेच येथे आहे. पहिली, दुसरी, तिसरी अशी मोजत जाणारी सुरुवातही अशीच उपयोगाची : विषय सुचेपर्यंत देवाचे, गुरूचे, आईबापाचे नाव घेत जाते फिरते ठेवायचे. ब्लूजच्या अभ्यासकांना एकाच्या गाण्यातून दुसऱ्याच्या गाण्यात सहज जाऊन बसणाऱ्या ‘तरंगत्या’ ओळी सापडल्या. ओवीत अशा ओळींचा साठा कितीतरी मोठा आहे. माहेरची वाट, भाऊबीज, चोळी, बुक्का, पंढरी यांच्याभोवती तयार अर्धी ओळ असते, उरलेली अर्धी गाणारीने आपल्या घरातून आणायची.

दोन्हींत फरकही आहे, आणि तो लपवू नये. ब्लूजमधला ‘मी’ बहुधा एकटा असतो. घर सोडून निघालेला किंवा सोडले जाऊन मागे राहिलेला. ओवीतली ‘मी’ नात्यांच्या जाळ्यात बोलते : भावाला, आईला, लेकीला, मैत्रिणीला, आणि कोणी नसेल तर जात्यालाच. ब्लूजला श्रोता हवा होता, पुढे गिऱ्हाईक मिळाले. ओवी पहाटे, घर झोपलेले असताना गायली जाई. जे उजेडी सांगता येत नाही ते सांगायची ती वेळ होती.

५.

मग ओवीच्या प्रादेशिक शैली कोणत्या? ब्लूजवरून घेतलेला धडा असा की नकाशा काढण्याआधी काम पाहावे.

‘मानसोल्लासा’तली स्त्री कांडते आहे, दळत नाही. कांडण म्हणजे उखळ-मुसळाचे काम. भाताच्या मुलखात, कोकणात आणि मावळात, ते रोजचे. मुसळाचा घाव वरून खाली पडतो, प्रत्येक घाव सुटा, दोघी-तिघी असल्या तर आळीपाळीने. जात्याची गती वर्तुळाकार, अखंड, घरघरणारी. नगर, बीड, सोलापूर हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. येथे भाकरीचे पीठ रोज पहाटे दळायचे, कारण बाजरीचे पीठ ठेवले की कडवट होते. तेव्हा पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात दळणावरची ओवी हा नित्याचा नेम झाला. सुट्या घावावर बेतलेली चाल आणि अखंड फेऱ्यावर बेतलेली चाल यांत श्वास घेण्याच्या जागा वेगळ्या पडणार. ओवीच्या शैलीभेदाचा हा पहिला शोधसूत्रासारखा धागा आहे, आणि तो पिकातून निघतो.

पुरुषांच्या श्रमगीतांकडे पाहिले तर हेच अधिक स्पष्ट होते. मोट हाकणारा एकटाच असतो. बैल धावेवरून खाली उतरतात तशी त्याची ओळ लांबत जाते, मोट थारोळ्यात रिकामी होते तेव्हा ती संपते, बैल मागे सरताना तो गप्प असतो. ही त्या शेतातल्या एकट्या सादेची सख्खी बहीण म्हणावी. उलट काढणी-खुरपणीच्या वेळची भलरी टोळीची. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी पालुपद झेलायचे आणि त्या झेलण्यावर विळे चालायचे. एकाच गावात, एकाच बोलीत, कामाप्रमाणे गाण्याची घडण इतकी बदलते.

दुसरा धागा वाटेचा. ब्लूज रेल्वेने हिंडला. ओवी कशाने हिंडली? लग्नाने. आमच्या मते ओवीच्या भूगोलातील ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. गाणारी एका गावात गाणे शिकते आणि दुसऱ्या गावात ते गाते. केडगावातल्या एखाद्या जुन्या वाड्यात पारनेरची सासू, श्रीगोंद्याची थोरली सून आणि राहुरीची धाकटी असेल तर त्या एका जात्यावर तीन गावांच्या ओव्या एकत्र फिरणार. भाषा आणि चाल यांची सरमिसळ ही येथे अपवादाची नाही, नित्याची गोष्ट आहे. म्हणून ओवीचा ‘प्रदेश’ हा सीमारेषा असलेला तुकडा समजून चालणार नाही. तो माहेर आणि सासर यांमधील अंतरांचा गोफ आहे. आणि लग्नसंबंध जातीतच होत असल्यामुळे हा गोफ जातीजातीला वेगळा आहे. एकाच गावच्या मराठा, माळी, महार आणि धनगर वस्तीतल्या ओव्यांची माहेरे वेगवेगळ्या दिशांना पसरलेली असतात. तेव्हा ‘नगरी ओवी’, ‘मराठवाडी ओवी’ असे शब्द सोयीपुरते वापरावेत; शैलीचा खरा एकक गाव आणि जात आणि माहेर या तिघांच्या छेदात शोधावा लागेल.

६.

हा शोध घ्यायचा तर प्रत्येक ओवीबरोबर चार गोष्टी हव्यात : गाणारीचे नाव, तिचे सासर, तिचे माहेर आणि ओवी टिपल्याची तारीख. आपले बहुतेक जुने संग्रह येथे मुके होतात.

हे संग्रह करणाऱ्यांबद्दल अनादर दाखवण्याचा आमचा हेतू नाही. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ नसते तर हजारो ओव्या आपल्याला वाचायलाच मिळाल्या नसत्या. सरोजिनी बाबर आणि लोकसाहित्य समितीने केलेले काम तर डोंगराएवढे आहे. पण ओव्या विषयवार लावायच्या, आई, भाऊ, देव, संसार असे त्यांचे भाग पाडायचे, आणि एकेका ओवीखाली गाणारीचे नाव-गाव द्यायचे नाही, अशीच त्या काळची रीत होती. या रीतीला एक तात्त्विक आधारही होता : लोकगीत समूहाचे असते, त्याला कर्ता नसतो. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या स्त्रीगीतांवरील पुस्तकाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. त्यातला श्लेष फार सुंदर आहे. हे वाङ्मय पुरुषांनी रचलेले नाही, आणि वेदांप्रमाणे याचा कर्ताही दाखवता येत नाही. पण वेदांना अपौरुषेय म्हटल्याने त्यांची प्रतिष्ठा वाढली. ओवीला अपौरुषेय म्हटल्याने ओवीकर्तीची नोंद ठेवण्याची आपली जबाबदारी तेवढी संपली.

ही अनामिकता स्वाभाविक नव्हती, याचा पुरावा म्हणून दोन स्त्रिया पुढे उभ्या करता येतात. पहिली बहिणाबाई चौधरी. खानदेशातील असोद्याची ही शेतकरी स्त्री १९५१ मध्ये वारली आणि १९५२ मध्ये तिची गाणी पुस्तकरूपाने आली, ती मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता आणि त्याने ती जपली म्हणून. आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले म्हणून. बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य होती हे निर्विवाद. पण ती एकमेव होती असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? ज्यांचा मुलगा कवी नव्हता त्या बायकांच्या वह्या आपण पाहिलेल्या नाहीत, कारण त्या वह्या नव्हत्याच.

दुसरी स्त्री आमच्याच जिल्ह्यातली : संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा. पठ्ठे बापूरावांच्या फडातली ही विख्यात कलावंतीण महार समाजातली होती, आणि तिच्या नावावर तमाशाचे तंबू भरत. तिकीट लावून जे गाणे विकले जाते त्याला नाव चिकटते, मग गाणारी कोणत्याही जातीची असो. मेमी स्मिथ आणि बेसी स्मिथ यांची नावे चकतीवर आली ती याच न्यायाने. जात्यावरच्या ओवीला बाजार नव्हता, म्हणून तिला नाव नव्हते. नाव नसल्याचे कारण बाजाराशी आणि नोंदीशी निगडित आहे. ‘लोक’ या शब्दाच्या कोण्या गूढ स्वभावाशी नाही. टटवायलरच्या स्थानकावरचा तो माणूस अनामिक राहिला, कारण हँडीने त्याला नाव विचारले नाही, किंवा विचारले असल्यास लिहून ठेवले नाही. तो अनामिक जन्मला नव्हता.

ही रीत बदलून दाखवणारे काम मराठीतच झालेले आहे, ही समाधानाची गोष्ट. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील कष्टकरी स्त्रियांबरोबर काम करता करता १९८०च्या दशकापासून ओव्या जमवायला आरंभ केला. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणे झाली. एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी नोंदवल्या, आणि गाणारीचे नाव व गाव यांसह नोंदवल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. या संग्रहाने काय साधले याचे एकच उदाहरण देतो. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या दलित वस्तीतल्या स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या त्यात आहेत. जुन्या विषयवार संग्रहांच्या चौकटीत या ओव्या कोठे बसल्या असत्या? ‘देव’ या भागात, की ‘भाऊ’ या? त्या गाणाऱ्या बाबासाहेबांना दोन्ही नात्यांनी हाक मारतात, आणि तसे का हे गाणारी कोण हे कळल्याशिवाय कळत नाही.

७.

शिकागोचे आपल्याकडचे प्रतिरूप कोणते, हा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. ते अर्थातच मुंबई. सातारा, कोकण, नगर, पुणे येथून माणसे गिरण्यांत आली आणि त्यांच्याबरोबर गाणेही आले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड गावी राहिलेल्या बायकोच्या विरहातून निघून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत जाते. गाव सोडून शहरात आलेल्या मजुराचे याहून चांगले ब्लूज मराठीत दाखवता येणार नाही.

पण ही पुरुषांची वाट झाली. गिरणी कामगार मुंबईला गेला, त्याची तमाशाची लय शाहिरीत गेली, तिला व्यासपीठ मिळाले. मैना गावावर राहिली, आणि मैनेची ओवी तिच्याबरोबर राहिली. मग गावात पिठाची गिरणी आली, डोईवरून डबा नेऊन दळण आणता येऊ लागले, हातांचे कष्ट वाचले. ते वाचायलाच हवे होते. जाते गेले म्हणून गहिवरणाऱ्याने एकदा पायलीभर बाजरी दळून पाहावी. मात्र कामाबरोबर गाण्याची वेळही गेली, आणि ओवीला दुसरी जागा कोणी देऊ केली नाही. विजेने ब्लूजला शिकागोत नवा आवाज दिला. त्याच विजेने ओवीचा आवाज थांबवला. फरक विजेत नव्हता. मडी वॉटर्सच्या गाण्याला ऐकणारे आणि मोल देणारे कोणीतरी होते.

मराठीच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना आमचे सांगणे यावरून निघते. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी दरवर्षी हजारो विद्यार्थी आपल्या गावातून ओव्या गोळा करून आणतात. ती वही तपासली जाते, गुण दिले जातात आणि रद्दीत जाते. त्या वहीतील प्रत्येक ओवीखाली गाणारीच्या संमतीने तिचे नाव, सासर, माहेर, वय, कोणते काम करताना ती हे गाई, आणि ऐकल्याची तारीख, एवढे लिहायला सांगावे. आणि ती वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. प्रत्यक्ष जात्यावर दळलेल्या स्त्रिया आज बहुतेक सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडून ओवी कोणीही लिहून घेऊ शकतो, पण ती त्यांना कोणाकडून मिळाली हे फक्त त्याच सांगू शकतात. दहा वर्षे ही नोंद नेटाने ठेवली गेली तर ओवीच्या प्रादेशिक शैली कोणत्या, या प्रश्नाला अंदाजाऐवजी उत्तर देता येईल.